दुकानासाठी एलईडी घेताय? खोक्यावरचे शब्द आधी समजून घ्या

बेळगावात नवीन दुकान टाकणारा माणूस शटरच्या रंगावरून आठवडाभर घरात वाद घालतो, फर्निचरवाल्याला चार वेळा बदल करायला लावतो, आणि लाईटचं काम मात्र "काय ते तूच बघ गा" म्हणून वायरमनवर सोडून मोकळा होतो. वायरमन जाऊन "वीस वॅटच्या दहा पट्ट्या द्या" म्हणतो, काउंटरवरचा जे शिल्लक आहे ते देतो, आणि पुढची सात-आठ वर्षं दर महिन्याला बिल भरायला तुम्ही. खोक्यावर सगळं छापलेलं असतंय की, फक्त ते वाचायचं कसं हे कुणी सांगत नाही. लुमेन, केल्विन, सीआरआय, पीएफ, आयपी, टीएचडी असले शब्द बघितले की माणूस खोकं उलटं करून किंमत बघतो.

दुकान, ऑफिस, क्लिनिक, खानावळ, उद्यमबागेतला गाळा, सगळ्यांना हे सारखंच लागू. क्रमानं जाऊया, आणि कागद-पेन घेऊन बसा कारण मधे थोडा हिशोब आहे.

१. आधी लाईट बिल काढून बसा

हेस्कॉमचं (आपल्या भागातली वीज कंपनी) बिल कन्नडमधे येतंय त्यामुळे आपल्यातले बरेच जण फक्त खालचा आकडा बघून पैसे भरतात. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा, त्याला येतंय. तीन गोष्टी शोधायच्या, मंजूर लोड किती किलोवॅट, महिन्याला युनिट किती जळले, आणि युनिटला दर काय लावलाय. दुकानाला व्यापारी दर लागतो, घरगुती नाही, आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेचे फुकट युनिट फक्त घराला आहेत, दुकानाच्या मीटरला त्याचा उपयोग नाही (हे विचारणारे अजून भेटतात म्हणून सांगितलं). मंजूर लोडवर एक स्थिर आकार असतो, म्हणजे महिनाभर शटर बंद ठेवलं तरी तेवढे भरायचेच.

युनिट म्हणजे काय तर एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की १ युनिट. बस एवढंच. आता जुन्या दुकानाचा हिशोब करून बघूया. जाड जुनी ट्यूब ३६ वॅटची असते पण तिच्या पट्टीत तांब्याचा चोक असतोय, तो स्वतः १२ ते १५ वॅट खातो आणि गरम होऊन बसतो, म्हणून एका ट्यूबला ५० वॅट धरा. आठ ट्यूबा म्हणजे ४०० वॅट, दिवसाला १० तास म्हणजे ४ युनिट, वर्षाला ३०० दिवस दुकान उघडं धरलं तर १२०० युनिट. तिथं २० वॅटच्या आठ एलईडी पट्ट्या लावल्या तर १६० वॅट, दिवसाला १.६ युनिट, वर्षाला ४८० युनिट. वाचले ७२० युनिट. युनिटला समजा ८ रुपये धरले (तुमच्या बिलावरचा खरा दर घाला) तर वर्षाला ५,७६० रुपये. पट्टी समजा ४०० ला पडली तर आठांचे ३,२०० आणि वर वायरमनची मजुरी, म्हणजे सात-आठ महिन्यांत पैसे वसूल. ह्यालाच कंपनीवाले टाय लावून 'पेबॅक पिरियड' म्हणून सांगतात. सेल्समन आला आणि "ऐंशी टक्के बचत" म्हणाला की त्याला हाच हिशोब तुमच्या समोर मांडायला लावा, वरच्या उदाहरणात तर ती साठ टक्के आहे आणि तरीसुद्धा उत्तम आहे.

२. वॅट नाही, लुमेन विचारा

वॅट म्हणजे तुम्ही हेस्कॉमला देणार ते, लुमेन म्हणजे तुम्हाला मिळणारा उजेड. जुन्या काळात पिवळा बल्ब एकाच जातीचा होता, साठचा म्हटलं की उजेड किती ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून आपल्याला वॅटवर उजेड मोजायची सवय लागली. साठचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा. आज ९ वॅटचा बरा एलईडी बल्ब ९०० लुमेन देतो. आणि दुसऱ्या कुठल्या बिनानावाच्या कंपनीचा ९ वॅटचाच बल्ब ६५० देईल, वॅट तोच, बिल तेच, उजेड कमी.

म्हणून खोक्यावर लुमेन शोधायचे आणि त्याला वॅटनं भागायचं. ९०० भागिले ९ म्हणजे १०० लुमेन पर वॅट. कॅटलॉगमधे ह्याला एफिकसी म्हणतात आणि माझ्या मते अख्ख्या खोक्यावरचा हा सगळ्यात कामाचा आकडा आहे. आजच्या घडीला दुकानाच्या पट्टी-पॅनलला १०० च्या खाली घेऊ नका, १२० च्या वर मिळालं तर चांगलं, आणि ८० वगैरे असेल तर तो जुना स्टॉक खपवतोय असं समजा. बल्बवर बीईईचं (वीज बचतीचं बघणारी केंद्र सरकारची संस्था) स्टार लेबल असतंय, तेही ह्याच आकड्यावरून ठरतं, जास्त स्टार म्हणजे वॅटला जास्त लुमेन.

इथं एक गोम आहे. काही कॅटलॉगात जे लुमेन लिहितात ते आतल्या चिपचे (प्रत्यक्ष उजेड देणारा बारीक तुकडा) असतात, फिटिंगमधून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे नाहीत. वरचं दुधी कव्हर १०-२० टक्के उजेड सहज खातं. म्हणून विचारायचं, "हे चिपचे लुमेन की फिटिंगचे?" समोरचा गडबडला तर उत्तर मिळालं. आणि लुमेन खोक्यावर छापलेलेच नसतील तर ते खोकं परत ठेवा, किंमत कितीही कमी असो.

३. जागा मोजा, लक्स काढा

लुमेन हा दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला टेबलावर, काउंटरवर किती पडला तो. एका चौरस मीटरवर १ लुमेन पडला की १ लक्स. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स असतात त्यामुळे उन्हातून आत आलेल्या गिऱ्हाइकाला पहिली दोन मिनिटं तुमचं दुकान अंधारंच वाटणार, त्यावर इलाज नाही, फक्त दर्शनी भागात थोडा जास्त उजेड ठेवा.

ढोबळ आकडे लक्षात ठेवा. जिना, पॅसेज १००, गोडाऊन १०० ते १५०, ऑफिस आणि दुकान ३०० ते ५००, आणि बारीक काम, म्हणजे शिलाई, घड्याळ दुरुस्ती, मशिनच्या पार्टची तपासणी, असल्याला ७५० ते १००० त्या टेबलापुरतं. अख्खं दुकान हजार लक्स करायची हौस कुणी करू नये.

आपल्याकडचा नेहमीचा गाळा घ्या, दहा बाय वीस. म्हणजे २०० चौरस फूट, १०.७६ नं भागलं की साधारण १८.६ चौरस मीटर. तिथं ४०० लक्स हवेत तर ७,४४० लुमेन टेबलावर पडायला पाहिजेत. पण दिव्यातला सगळा उजेड टेबलावर येत नाही, काही भिंती खातात, काही रॅक खातात, वर्षभरात धूळ बसते, म्हणून दुप्पट धरा, १५,००० लुमेन. एक पट्टी २,००० लुमेनची असेल तर आठ पट्ट्या. झाला हिशोब. भिंती-सिलिंग पांढरं असेल तर सात पण चालतील, आणि गडद चॉकलेटी सनमायका चारी बाजूनं मारला असेल तर दहा लागतील, तो सनमायका तुमच्या बिलात कायमचा येऊन बसतोय हे फर्निचर ठरवताना कुणी सांगत नाही.

मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अचूक नसतं पण ह्या कोपऱ्यात आणि त्या कोपऱ्यात फरक किती हे कळायला पुरे. मोठ्या कामाला मात्र कंत्राटदाराला खरा लक्समीटर आणायला सांगा आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर मोजून घ्या, दिवसा मोजलं तर खिडकीचा उजेड त्याच्या खात्यात जमा होतो.

मोठी इमारत बांधणारे असतील तर एलपीडी हा शब्द पण ऐकायला मिळेल, चौरस मीटरला किती वॅट लाईट लावली ते. वरच्या गाळ्यात १६० भागिले १८.६, म्हणजे साधारण ८.६. १०० किलोवॅट किंवा त्याच्यावर लोड असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ईसीबीसी नावाचा वीज बचतीचा कोड आहे, त्यात ह्याची मर्यादा ठरवलेली असते. छोट्या दुकानदाराला त्याचं टेन्शन नाही.

४. रंगाचा मामला: केल्विन आणि सीआरआय

इथं जरा थांबूया कारण बेळगावच्या बाजारात सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं आणि ते बिलात दिसत नाही.

केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते. आकडा कमी तेवढा पिवळा, आकडा जास्त तेवढा निळसर, लोकांना उलटं वाटतं. २७०० ते ३००० म्हणजे वॉर्म, जुन्या बल्बसारखा. ४००० म्हणजे न्यूट्रल. ६५०० म्हणजे आपला तो पांढराशुभ्र, कूल डेलाईट. आपल्याकडे डोळे झाकून सगळे ६५०० घेतात कारण तो जास्त उजेड वाटतो. वाटतो, असतोच असं नाही, लुमेन बघा.

आता कुंद्याचं बघा. मिठाईच्या शोकेसमधे ६५०० ची पट्टी लावली की तोच कुंदा राखेच्या रंगाचा दिसायला लागतो, ३००० च्या उजेडाखाली ठेवला की खरपूस तपकिरी, तूप सुटलेलं दिसतं. सोनाराकडे सोन्याच्या ट्रेवर ३००० पाहिजे आणि चांदी-हिऱ्याच्या काउंटरवर ४००० च्या पुढं, दोन्हीला एकच लाईट लावणारा सोनार एका मालाचं नुकसान करतो. मेडिकल, क्लिनिक, ऑफिस, क्लास असल्या ठिकाणी ४००० सगळ्यात बरा, दिवसभर बसलं तरी डोळ्याला त्रास कमी. जेवणाच्या ठिकाणी २७०० किंवा ३०००, ताटातली आमटी निळसर दिसली तर कुणाला भूक लागणार.

सीआरआय ही वेगळी गोष्ट आहे आणि केल्विनशी तिची गल्लत करू नका. त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याला १०० पैकी मार्क. उन्हाला आणि जुन्या पिवळ्या बल्बला जवळजवळ शंभर. रस्त्यावरच्या त्या जुन्या नारिंगी सोडियम दिव्यांना विशी-पंचविशी, म्हणून त्या उजेडात लाल गाडी कुठली आणि तपकिरी कुठली ते कळायचं नाही. साध्या एलईडीला ७० ते ८०. चांगल्याला ९० च्या पुढं.

शहापूरच्या नाहीतर गणपत गल्लीतल्या साडीच्या दुकानात उभं राहून बघा. बाई साडी पसंत करते, पदर उलगडते, आणि मग ती साडी हातावर घेऊन सरळ दुकानाच्या दारात जाते, उन्हात धरते, परत येते आणि म्हणते "हा नको, दुसरा दाखवा". दुकानदाराला वाटतं बाई चिकित्सक आहे. बाई बरोबर आहे, लाईट खोटी आहे. ह्यामागचं कारण असं की पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच, आत निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. (ह्या निळ्या चिपसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, तेवढी ती अवघड गोष्ट होती.) निळा आहे, पिवळा आहे, पण गडद लाल त्यात फार कमी. मग कुंकवाचा लाल, मरून, डाळिंबी हे रंग उजेडात मरतात, मरून तपकिरी दिसतो, आणि साडीत नेमके हेच रंग चालतात.

त्यातही एक छुपी बाब आहे. खोक्यावर जो सीआरआय छापतात तो आठ फिकट रंगांची सरासरी असते आणि त्यात गडद लाल धरतच नाहीत. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाईन म्हणतात. सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-नाईन शून्याजवळ किंवा शून्याच्या खाली पण असू शकतो. कापड, साडी, मेकअप, फळं, असल्या दुकानवाल्यांनी सीआरआय ९० आणि आर-नाईन ५० च्या वर असं लिहून मागायचं. दुकानदार आर-नाईन काय म्हणून तुमच्याच तोंडाकडे बघेल, तेव्हा डेटाशीट मागवायला सांगा, बरी कंपनी असेल तर त्यात असतो.

ब्लाउजपीस मॅचिंगचं दुखणं पण ह्याचंच भावंड. दोन कापडांत रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतील तर एका उजेडात ते अगदी जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात, ह्याला मेटामेरिझम म्हणतात. मॅचिंग सेंटरवाल्यानं आणि वडगाव-शहापूरच्या विणकरानं निदान एका टेबलावर ९० च्या वरचा दिवा ठेवायलाच पाहिजे.

घरगुती परीक्षा सोपी आहे. एक मरून, एक तपकिरी, एक नेव्ही ब्लू आणि एक काळा असे चार तुकडे खिशात घालून लाईटच्या दुकानात जा आणि लावून दाखवलेल्या दिव्याखाली धरा. मरून-तपकिरी आणि नेव्ही-काळा वेगळे ओळखू येत नसतील तर नको.

सगळीकडे मात्र ९० घेऊ नका, तो महाग असतो आणि वॅटला लुमेन थोडे कमी देतो. गोडाऊनला, पार्किंगला ७०-८० भरपूर झालं.

आणखी एक, एकाच कंपनीच्या एकाच ४००० केल्विनच्या पॅनलमधे एक गुलाबीसर आणि शेजारचा हिरवट असं दिसतं तेव्हा ते बॅचचं लफडं असतंय. रंगातला हा फरक एसडीसीएम नावाच्या आकड्यात सांगतात, ३ असेल तर डोळ्याला फारसा कळत नाही, ५-७ ला कळायला लागतो. त्यामुळं शोरूमचे सगळे पॅनल एकाच बॅचचे घ्या आणि दोन-तीन जास्तीचे घेऊन माळ्यावर टाका, तीन वर्षांनी एखादा गेला की तसाच्या तसा बाजारात मिळत नाही.

५. ड्रायव्हर, पीएफ आणि टीएचडी

"एलईडी उडाली" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एलईडी ठणठणीत असते, उडालेला असतो ड्रायव्हर. २३० व्होल्टचा एसी करंट घेऊन चिपला पाहिजे तेवढाच सारखा करंट देणारा छोटा डबा. स्वस्त बल्बात हा डबाच काढून टाकून चिपच्याच प्लेटवर दोन-चार पार्ट बसवतात, त्याला डीओबी म्हणतात, ड्रायव्हर ऑन बोर्ड. वरांड्यात, संडासात लावायला ठीक, दुकानाच्या मेन लाईटला नको.

ड्रायव्हरवर दोन गोष्टी वाचा. एक, व्होल्टेजची रेंज. खानापूर, जांबोटी बाजूला पावसाळ्यात फांद्या तारांवर येतात, व्होल्टेज नाचतं, तिथं १४० ते २७० अशी मोठी रेंज असलेलाच घ्या. दोन, सर्ज प्रोटेक्शन किती केव्ही (१ केव्ही म्हणजे हजार व्होल्ट). वीज कडाडली किंवा लाईन जाऊन झटकन परत आली की जो झटका येतो तो किती सोसेल ते. आत लावायला २.५ ते ४ केव्ही, बाहेर खांबावर लावायच्या दिव्याला १० केव्ही.

पीएफ म्हणजे पॉवर फॅक्टर, लाईनमधून ओढलेल्या भारातला खरा कामाला किती आला ते. २० वॅटच्या पट्टीचा पीएफ ०.५ असेल तर ती लाईनमधून ४० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) ओढते, ०.९५ असेल तर २१. छोट्या दुकानाचं मीटर युनिटवर चालतं त्यामुळे ह्याचा बिलात फरक दिसत नाही, आणि म्हणून दुकानदार बिनधास्त कमी पीएफचा माल देतो. पण वायर, एमसीबी आणि मुख्य म्हणजे तुमचा इन्व्हर्टर ते व्हीए सोसत असतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर ओव्हरलोड म्हणून बोंबलतो ते त्यामुळं. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या मोठ्या लोडच्या कारखान्यांना तर पीएफ पडला की बिलात वेगळा भुर्दंड लागतो, त्यांनी ०.९ च्या खालचं काही घेऊच नये. खोक्यावर एचपीएफ लिहिलेलं असलं म्हणजे हाय पॉवर फॅक्टर.

टीएचडी हा त्याचा भाऊ. ड्रायव्हर करंट सरळ लाटेत न घेता तुकड्या-तुकड्यानं ओरबाडतो, त्यानं लाईनमधे जी घाण होते तिचं प्रमाण टक्क्यात. दहा दिव्यांना काही होत नाही. पण थ्री फेज शोरूममधे शे-दोनशे स्वस्त पॅनल असले की तिन्ही फेजची ती घाण न्यूट्रलमधे एकत्र जमते, एकमेकांना कापत नाही, उलट बेरीज होते, आणि न्यूट्रलची वायर फेजपेक्षा जास्त तापते. न्यूट्रल जळाला की पुढं काय होतं ते वायरमनला विचारा, सगळी मशिनरी जाते. तेव्हा मोठ्या कामाला टीएचडी २० टक्क्यांच्या आत, जमलं तर १० च्या आत मागा.

६. फ्लिकर, आणि लेथवाल्यांनी हे नीट वाचा

आपली लाईन ५० हर्ट्झची, त्यामुळे वाईट ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. डोळ्याला दिसत नाही पण संध्याकाळी डोकं दुखतं. मोबाईलचा स्लो-मोशन कॅमेरा दिव्याखाली धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना किंवा लुकलुकताना दिसले तर तो दिवा नको.

मशीन शॉपमधे हा नुसता डोकेदुखीचा विषय नाही. तीन जॉचा चक (लेथवर जॉब तीन जबड्यांत पकडून फिरवणारा भाग) मिनिटाला २००० फेऱ्यांनी, म्हणजे २००० आरपीएमला फिरतोय समजा, म्हणजे सेकंदाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, गुणिले तीन जॉ, बरोबर १००. दिवा पण सेकंदाला १०० वेळा लुकलुकतोय. दोन्ही जुळले की फिरणारा चक डोळ्याला थांबलेला दिसतो. आणि कामगार हात पुढं करतो. ट्यूबच्या काळात म्हणूनच जाणते इलेक्ट्रिशियन शेडमधल्या ट्यूबा तीन वेगवेगळ्या फेजवर वाटून द्यायचे, त्यामुळं एकीचा उजेड कमी झाला की दुसरीचा जास्त असायचा. आता फ्लिकर-फ्री ड्रायव्हर मिळतात, लेथ, मिलिंग, ग्राइंडरच्या वर तेच लावा, तिथं पैसे वाचवू नका.

७. बीम अँगल, ग्लेअर, आयपी

हे पटकन. बीम अँगल म्हणजे उजेड किती पसरतो. १५-२४ अंश म्हणजे स्पॉट, शोकेसमधल्या एका दागिन्यावर मारायला. ३६ पुतळ्यावरच्या कपड्याला. १२० म्हणजे सगळीकडे. फौंड्रीच्या उंच शेडला हाय-बे (उंचावर टांगायचा मोठा दिवा) लागतो, उंची जास्त असेल तर अँगल कमी घ्या, कारण उघड्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की खाली पडणारा उजेड चौथाई होतो.

ग्लेअर म्हणजे डोळ्यात घुसणारा उजेड. तो मोजायचा आकडा यूजीआर, ऑफिसच्या फिटिंगला १९ च्या आत असावा. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांच्या डोक्यावर उघडी चिप दिसणारं फिटिंग लावू नका.

आयपी म्हणजे फिटिंगमधे धूळ-पाणी किती अडतं ते, त्यात दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आत दुकानात आयपी २० चालतं. फौंड्री, पीठगिरणी, निपाणीकडची तंबाखूची गोडाऊनं, जिथं धूळ बारीक आहे तिथं पहिला आकडा ६ पाहिजे. बोर्डावरच्या आणि बाहेरच्या लाईटला आयपी ६५ किंवा ६६, आपला पाऊस जूनपासून आडवातिडवा लागतो. फक्त लक्षात ठेवा, आयपी ६५ चं फिटिंग आणून वायरमननं वायर घालायला मागून ड्रिलनं भोक पाडलं आणि ग्लँड (वायरभोवतीची फट बंद करणारी गच्च टोपी) बसवला नाही की तो आकडा संपला. पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी दिसतं आणि कंपनी वॉरंटी नाकारते, आणि ह्यात कंपनीचं चुकत नाही.

८. पन्नास हजार तासांचं काय

खोक्यावर २५,००० नाहीतर ५०,००० तास असतं. ते दिवा विझेपर्यंतचं आयुष्य नाही. बहुतेक वेळा ते एल-सेव्हंटी असतंय, म्हणजे उजेड कमी होत होत मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. वर्षाला ३,००० तास दुकान चाललं तर २५,००० तास म्हणजे आठ वर्षं. आणि हा आकडा चिपचा, ड्रायव्हरचा नाही. ड्रायव्हरमधे एक कॅपॅसिटर असतो, तो दर १० अंश जास्त तापमानाला साधारण निम्मं आयुष्य घालवतो. बेळगाव थंड हवेचं म्हणून आपण फुशारकी मारतो, पण एप्रिलमधे पत्र्याच्या शेडखाली वर हात लावून बघा. शेडसाठी घेताना टीए किती ते बघा, म्हणजे भोवतालची हवा किती तापेपर्यंत चालेल ते, ४५ किंवा ५० हवं. पीओपीच्या बंद सिलिंगमधे पण हीच गत, ड्रायव्हरला हवा खेळायला जागा ठेवायला सांगा.

म्हणून तासांपेक्षा वॉरंटीची वर्षं बघा, आणि त्यात ड्रायव्हर धरलाय का ते विचारा.

९. सेन्सर आणि डिमर, गरज असेल तरच

संडास, जिना, गोडाऊन, जिथं माणूस अधूनमधून जातो तिथं सेन्सर लगेच वसूल होतो. पीआयआर सेन्सर हलणाऱ्या माणसाच्या शरीराची उष्णता पकडतो, मायक्रोवेव्हवाला पातळ पार्टिशनच्या पलीकडचं पण पकडतो, त्यामुळं शेजारच्या गाळ्यात कोण चाललं की तुमची लाईट लागते असं होऊ शकतं. बोर्डाच्या लाईटला साधा टायमर लावा, रात्री अकराला बंद. डेलाईट सेन्सर खिडकीजवळच्या दिव्यांना, पण शेडला दोन पारदर्शक पत्रे टाकणं त्याच्यापेक्षा स्वस्त. डिमिंगमधे झिरो-टू-टेन व्होल्ट आणि डाली हे दोन शब्द ऐकाल, डालीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र पत्ता देता येतो, मोठ्या ऑफिसला किंवा हॉटेलला उपयोगी. साध्या दिव्याला पंख्याचा रेग्युलेटर लावून डिम करायला जाऊ नका, गुणगुणतो, लुकलुकतो आणि जातो.

१०. आता घ्यायला जा

मालावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण आणि आर-पासून सुरू होणारा नंबर असतो, बीआयएस केअर नावाच्या ॲपमधे तो टाकून कंपनी तीच आहे का ते तिथंच काउंटरवर बघा. रविवार पेठेत घाऊक भाव मिळतो हे खरं, पण नंबर नसलेला मालही तशाच चकाचक खोक्यात असतो. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहायला लावा, नुसतं "एलईडी पॅनल १० नग" असं लिहिलं की वॉरंटीच्या वेळी तो तुमचा पॅनल नव्हेच असं होतं. आधी एकच नग आणा, आपल्या दुकानात, आपल्या मालावर, रात्री लावून बघा, मग बाकीचे उचला. कंत्राटदाराला कोटेशन मागताना "२० वॅट" असं न लिहिता "२,००० लुमेन, ४००० केल्विन, सीआरआय ९०, पीएफ ०.९ च्या वर, सर्ज ४ केव्ही, वॉरंटी ड्रायव्हरसकट" असं लिहा, मग तिघांचे भाव एका पातळीवर येतात.

जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब घालायची असेल तर चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलावं लागतं, आणि काही ट्यूबांना करंट एकाच टोकाला द्यायचा असतो, काहींना दोन्ही टोकांना, खोक्यावर चित्र असतं ते बघितल्याशिवाय वायरमनला स्टुलावर चढू देऊ नका. माझं मत विचाराल तर जुनी पट्टी काढून नवीनच लावा, फरक थोडक्या पैशाचा आहे.

काढलेल्या जुन्या ट्यूबा आणि सीएफएलमधे पारा असतो. त्या नाल्यात, रिकाम्या प्लॉटवर फेकू नका आणि पोरांना फोडायला देऊ नका, खोक्यात उभ्या भरून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तांब्याचे चोक मात्र भंगारवाला वजनावर घेतो, आणि ते पैसे तुमचे की वायरमनचे हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवून ठेवा, नाहीतर संध्याकाळी चोक पण गेलेले असतात आणि वायरमन पण.